बुडबुडा, थापी आणि आजीचं माजघर

वीज नाही, मशीन नाही, मिस्त्री यायला तयार नाही आणि तीन आठवड्यांत आजी वॉकर घेऊन घरी येणार. परीक्षा संपल्यावर दोन आते-मामे भावंडांनी आजोळच्या घरात स्वतः फरशी बसवली, त्याची ही गोष्ट. यात एक लोटा पाणी आहे, सहा फुटक्या फरश्या आहेत आणि 'चालतंय की' म्हणण्याची किंमतही.

हल्ली माझ्या फीडवर 'ऑफ-ग्रिड लाइफ'ची रील्स सारखी येतात. डोंगरातलं लाकडी घर, छपरावर सोलार पॅनेल, हातात कॉफीचा मग आणि मागे गिटार. खाली कमेंट्समध्ये आपल्यासारखेच सगळे, 'यार, हेच पाहिजे आयुष्यात' वगैरे.

माझं आजोळ जन्मापासून ऑफ-ग्रिड आहे. फक्त त्याचं कुणी रील केलं नाही.

भोर तालुक्यात, नीरा-देवघर धरणाच्या बॅकवॉटरच्या वरच्या अंगाला मामाचं घर आहे. वाडीपर्यंत विजेचे खांब आलेत, पण आमचं घर वाडीपासून सुटं, ओढ्यापलीकडे शेतात. तिथवर लाइन ओढायचा खर्च ऐकून मामाने तो विषयच सोडून दिला आणि सोलार बसवलं. छपरावर दोन पॅनेल, घरात एक बॅटरी आणि 850 व्हीएचा इन्व्हर्टर. चार दिवे, एक पंखा, मोबाइलचं चार्जिंग, बस्स. पाणी खालच्या विहिरीवरून, डोक्यावर. पावसाळ्यात इथे असा कोसळतो की भिंतींनाही घाम फुटतो.

घराची जमीन शेणाने सारवलेली. ऐकायला फार सुंदर वाटतं, मलाही वाटायचं. मागच्या वर्षी मी सारवणावर एक रील करायला घेतलं, तेव्हा मामी हसून म्हणाली, "तू रील कर, सारवण मी करते." दर आठ-दहा दिवसांनी उकिडवं बसून सगळं घर सारवायचं. वीस वर्षं ती ते करतेय आणि आता तिचे गुडघे बोलायला लागलेत. पावसाळ्यात तर सारवण वाळतच नाही. जमीन ओलसर, निसरडी आणि कुठे खड्डा तर कुठे उंचवटा.

जानेवारीत त्याच जमिनीवर आजी मोरीतून बाहेर येताना घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात ऑपरेशन झालं आणि ती आमच्याकडे राहिली. एप्रिलपासून वॉकर घेऊन चालायला लागली आणि लागल्या लागल्या तिने एकच धोशा लावला, "पावसाच्या आत मला माझ्या घरी सोडा."

डॉक्टर म्हणाले, सोडा, पण जमीन सपाट पाहिजे. वॉकरच्या चार पायांपैकी एक जरी खड्ड्यात गेला, तर पुन्हा इथेच भेटू.

मिस्त्री काकांचं 'नाही'

मामाने मार्चमध्येच माजघर, स्वयंपाकघर आणि मोरीची जमीन खोदून, दगड-मुरूम भरून, धुमसाने ठोकून वर सिमेंटचा कोबा करून घेतला होता. आता राहिली होती फक्त फरशी. पण मे महिना म्हणजे गावोगावी बांधकामांचा सीझन. जे मिस्त्री काका ठरले होते ते म्हणाले, "दादा, तुमच्याकडं लाइट न्हाय. कटर कशावर चालवू? जूनमध्ये बघू."

जूनमध्ये इथे ओढा ओलांडता येत नाही.

फरशी कापायचं मशीन साधारण 1000 वॅटच्या वर वीज खातं आणि सुरू होताना तर क्षणभर त्याहूनही जास्त. आमचा इन्व्हर्टर 700 वॅटच्या आसपास दम तोडतो. जनरेटर भाड्याने आणता आला असता, पण पाणी मारत कटिंग, ओली जमीन, अर्थिंगचा पत्ता नाही, असा सगळा सीन. मामा म्हणाला, "एक माणूस हॉस्पिटलातनं आणायचंय, दुसरं पाठवायचं न्हाय."

माझा मामेभाऊ सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. मी बी.ए.ची, सिमेंटशी संबंध शून्य. दादा म्हणाला, "आपण करू. थिअरी तर येते." पुढचे अकरा दिवस हे वाक्य आम्ही एकमेकांना ऐकवून हसत होतो. पहिले काही दिवस तर हसूही येत नव्हतं.

कोणती फरशी?

यावर घरात लोकसभा भरली. मामाला शहाबादी हवी होती. आपल्याकडे निम्म्या घरांत, शाळांत, देवळांत हीच असते. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद आहे, तिथला हा चुनखडीचा दगड. दणकट आणि स्वस्त. पण साध्या शहाबादीची जाडी प्रत्येक लादीला वेगळी असते आणि दगड कापायला मशीन लागतंच. दादाला दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड हवी होती. ती दिसायला भारी, पण ओली झाली की पाय कुठे आणि आपण कुठे. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळे नुसतं सिमेंट तिच्या पाठीला नीट धरत नाही, खास ॲडेसिव्ह लागतं.

शेवटी ठरली ती फूट बाय फूटची, खरबरीत मॅट फिनिशची साधी सिरॅमिक फरशी, आपल्याकडच्या बहुतेक टाइल्सप्रमाणे गुजरातच्या मोरबीहून आलेली. ही निवडायची तीन कारणं होती. पायाला पकड मिळते. छोटी असल्याने नवशिक्या हातांना सांभाळता येते आणि मोरीत उतार काढता येतो. तिसरं महत्त्वाचं, ती विजेशिवाय कापता येते. हातकटर नावाचं एक साधं यंत्र मिळतं. दोन दांड्यांवर सरकणारं एक छोटं चाक. ते फरशीच्या चकाकत्या बाजूवरून एकदाच, एका दमात ओढायचं, रेघ उमटते. मग दांडा दाबला की 'टक्' करून फरशी त्या रेघेवर तुटते. वीज नाही, आवाज नाही आणि मुख्य म्हणजे धूळ नाही. कोरडी फरशी मशीनने कापताना जी पांढरी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो. नाक्यावर तोंडाला फक्त रुमाल बांधून कटर चालवणारी आपल्याच वयाची मुलं आपण रोज बघतो. मी तरी त्यांच्याकडे आधी कधी नीट बघितलं नव्हतं.

माजघर 10 बाय 14, स्वयंपाकघर 8 बाय 10, मोरी 4 बाय 5. एकूण 240 चौरस फूट. फुटतुटीसाठी दहा टक्के जास्त धरून 264 फरश्या. सोबत सिमेंटच्या 6 गोण्या आणि क्रश सँड. सगळं मिळून दीड टनाच्या वर माल. टेम्पो ओढ्याशी थांबला. तिथून पुढे मामाची बैलगाडी आणि आमची डोकी.

फूट हा फूट नसतो

दुकानात 'फूट बाय फूट' म्हणतात ती फरशी प्रत्यक्षात 300 मिलिमीटरची. खरा फूट 304.8 मिलिमीटरचा. हा जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक देवासारखा धावून आला. दोन फरश्यांमध्ये 3 मिलिमीटरचा सांधा ठेवला तर 10 फुटांत बरोबर 10 फरश्या बसतात आणि दोन्ही भिंतींशी सेंटिमीटरभर जागा उरते. ती उरायलाच हवी, कारण उन्हाळ्या-पावसाळ्यात फरशीला हलायला जागा लागते. वरून स्कर्टिंगची पट्टी आली की ती झाकली जाते. म्हणजे अख्ख्या माजघरात कापाकापी शून्य! दादाने वहीत हे गणित मांडलं आणि आम्ही एकमेकांना टाळी दिली.

मग सिमेंट न लावता नुसत्याच फरश्या जमिनीवर मांडून बघितल्या. आणि कळलं की खोली काटकोनात नाहीच. पणजोबांनी मातीत बांधलेलं घर ते. एका टोकाला खोली 10 फूट, दुसऱ्या टोकाला 9 फूट 10 इंच.

काटकोन कसा तपासायचा हे आपण सगळे शाळेत शिकलोय आणि विसरलोय. कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर 4 फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर 5 फूट आलं तर काटकोन. पायथागोरस! गवंडी त्यासाठी गुण्या वापरतात, पण मोठ्या खोलीला दोरी आणि 3-4-5 जास्त भरवशाचं. आम्ही ते दुप्पट करून 6-8-10 घेतलं, म्हणजे चूक आणखी कमी.

दादाचा आग्रह, तिरकेपणा दोन्ही बाजूंना वाटून टाकू. मामी मध्येच म्हणाली, "दारातनं शिरल्यावर जे दिसतंय ते सरळ ठेवा. मागच्या भिंतीला कणग्याच ठेवायच्यात." विषय संपला. दाराच्या भिंतीपासून सरळ ओळी आणि सगळा वाकडेपणा कणग्यांच्या मागे. तिथल्या फरश्यांची कड मात्र शून्यापासून तीन सेंटिमीटरपर्यंत तिरकी काढायची होती. इतकी बारीक पट्टी हातकटरने नीट तुटत नाही. पकडीने कुरतडायची आणि दगडावर घासायची. त्यात पाच फरश्या गेल्या. मोरीच्या जाळीभोवतीच्या गोल खाचा आम्हाला जमल्याच नाहीत. त्या चार फरश्या पेन्सिलने खुणा करून भोरला नेल्या आणि दुकानातून मशीनवर कापून आणल्या. सगळं स्वतःच केलं पाहिजे असा काही नियम नाही.

पाण्याची नळी आणि आमची हुशारी

फरशीच्या कामात सगळ्यात आधी लेव्हल. त्यासाठी लागते पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी आणि पाणी. जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला राहतं, एवढंच विज्ञान. एक टोक या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात, पाणी स्थिरावलं की भिंतीवर पेन्सिलची खूण. बॅटरी नको, लेझर नको. दादाने चारही कोपऱ्यांत खुणा केल्या, त्यांना धरून दोऱ्या ताणल्या आणि आम्ही सुरुवात केली.

फरश्या पाण्यात बुडवून ठेवायच्या. सिरॅमिकची पाठ सच्छिद्र असते, कोरडी लावली तर ती मालातलं पाणी शोषून घेते आणि सिमेंट उपाशी राहतं. पाण्यात टाकल्यावर फरशीतून बारीक बुडबुडे येतात, ते थांबले की ती तयार. मग काढून, पाणी निथळवून घ्यायची. कोब्यावर पाणी शिंपडून एकास सहा प्रमाणाचा माल अंथरायचा, थापीने आणि पट्टीने सपाट करायचा, त्यावर सिमेंटची पातळ राबडी, वर फरशी आणि रबरी हातोडीने हलकेच ठोकत दोरीला मिळवायची.

सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू. तासाभरात संपेल एवढाच माल कालवायचा. आम्ही पहिल्या दिवशी दोन घमेली जास्त कालवला आणि तो दगड झाला. दिवसाउजेडी काम, तेही सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चारनंतर. मधल्या उन्हात माल हाताखालीच सुकायचा.

पहिल्या दिवशी एक ओळ झाली, 14 फरश्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुसरी. माझ्याकडे एक छोटी स्पिरिट लेव्हल होती. तिचा बुडबुडा मधोमध येण्याऐवजी किंचित एका बाजूला राहत होता. मी दादाला दाखवला. तो म्हणाला, "थोडं इकडं-तिकडं चालतंय की." मीही म्हणाले, चालतंय. पाठ इतकी दुखत होती की मला काहीही चाललं असतं.

त्या संध्याकाळी मिस्त्री काका आले. नाही म्हटल्याचं त्यांना बहुधा लागलं असावं. कामावरून घरी जाता जाता ओढा ओलांडून बघायला आले. उंबऱ्यात उभे राहिले, काहीच बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "ताई, लोटाभर पाणी आणा."

ते पाणी त्यांनी नव्या फरशीवर ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि मग शहाण्या पोरासारखं सरळ ओळीने चालत आजीच्या खाटेच्या कोपऱ्याकडे गेलं.

"पाणी खोटं बोलत न्हाय," काका म्हणाले.

मग त्यांनी आमची नळी उचलली, उजेडात धरली आणि टिचकी मारली. नळीच्या उभ्या भागात दोन सेंटिमीटरचा हवेचा बुडबुडा अडकला होता. बुडबुडा जेवढा उंच, तेवढं त्या बाजूचं पाणी खोटं वर दिसतं. दाराजवळच्या कोपऱ्यातली आमची खूण बरोबर दोन सेंटिमीटर वर होती. त्यांनी सांगितलं, नळी भरताना पाणी सावकाश सोडायचं, टिचक्या मारत हवा काढायची, आधी दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघायचं. आणि शेवटच्या कोपऱ्यावरून पुन्हा पहिल्या खुणेवर येऊन तपासायचं. ही परत येऊन तपासायची पायरीच आम्ही गाळली होती.

"आता काय करायचं?" दादाने विचारलं.

"काढायचं का ठेवायचं, तुमचं तुम्ही ठरवा," काका म्हणाले. चहा घेतला आणि गेले.

काढायचं का ठेवायचं?

त्या रात्री आम्ही भांडलो. दादाचं म्हणणं चूक नव्हतं. 14 फुटांत दोन सेंटिमीटर म्हणजे डोळ्याला दिसत नाही. आजी काही त्यावरून घसरून पडणार नाही. पुढच्या ओळींत हळूहळू जुळवून घेऊ. शिवाय विहीर खाली गेली होती. फरशीच्या कामाला रोज वीसेक कळशा पाणी लागत होतं आणि प्रत्येक कळशी मामी नाहीतर मी डोक्यावरून आणत होतो. गुरांनाही तेच पाणी. दोन दिवसांचं काम उखडायचं म्हणजे दोन दिवसांचं पाणीही वाया.

माझं म्हणणं एवढंच होतं की मोरीचं दार त्याच बाजूला आहे. पाय ओले घेऊन आजी बाहेर येणार, पाणी सांडणार आणि ते तिच्या खाटेखाली जाऊन साठणार. ती घसरली होती ती याच पाण्यामुळे. आपण फरशी दिसायला नाही, यासाठी बसवतोय.

मामी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पाणी मी आणते. पण एकदाच काय ते नीट करा. हे काय सारवण न्हाय, की आठ दिवसांनी परत करीन."

त्याच रात्री, दिव्याच्या उजेडात, आम्ही दोन्ही ओळी काढल्या. त्या दिवशीच्या 14 फरश्या अलगद निघाल्या, धुऊन परत वापरता आल्या. आदल्या दिवशीच्या ओळीतल्या सहा फुटल्या. खाली पडलेला माल फावड्याने खरवडताना दादा म्हणाला, "लेव्हलिंगच्या पेपरमध्ये मला चांगले मार्क होते गं." मी हसले नाही, कारण स्पिरिट लेव्हल माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी नव्याने भरली. चार कोपरे फिरून पुन्हा पहिल्या खुणेवर आलो. रेघेवर रेघ बसली. तिथून पुढे काम सुरळीत झालं असं नाही, पण पुन्हा उखडायला लागलं नाही. रोज दोन, मग अडीच, शेवटी तीन ओळी. मिस्त्री आणि एक मदतनीस जे तीन-चार दिवसांत संपवतात, त्याला आम्हाला अकरा दिवस लागले. मोरीत पाच फुटांना एक इंच असा जाळीकडे उतार काढला. सांधे भरले. ओली पोती अंथरून वरून प्लास्टिकचा कागद टाकला, म्हणजे कमी पाण्यात ओल टिकते. ही आयडिया मामाची, तो रोपांच्या वाफ्यांना असंच करतो.

विजेशिवाय जे जास्त नीट दिसतं

या सगळ्यात वीज नसल्याचा एक फायदाही झाला. शहरातल्या घरात डोक्यावर ट्यूब असते, तिच्या उजेडात फरशी सपाटच दिसते. आमच्याकडे रात्री हातातली टॉर्च. ती सहज जमिनीवर आडवी ठेवली आणि जिथे जिथे एका फरशीची कड शेजारणीपेक्षा केसभर वर होती, तिथे तिथे लांब काळी सावली पडली. दिवसा बोटालाही न लागलेल्या कडा रात्री ओरडून सांगत होत्या. वॉकरचा पाय अडकायला तेवढी कड पुरते. त्यानंतर रोज संध्याकाळी, माल ओला असेपर्यंतच, आम्ही टॉर्च आडवी फिरवायचो आणि रबरी हातोडीने कडा मिळवून घ्यायचो.

शेवटच्या दिवशी लाकडी काठीने एकेक फरशी ठोकून ऐकली. भरीव फरशी 'टण्' वाजते, पोकळ 'भद्द'. पोकळ म्हणजे खाली हवा, आणि वॉकरचा सगळा भार एका बारीक पायावर आला की ती तडकू शकते. अकरा पोकळ निघाल्या. खाटेपासून मोरीपर्यंतच्या वाटेवरच्या चार बदलल्या. कणग्यांखालच्या सात तशाच ठेवल्या. त्यांच्यावर फक्त तांदूळ उभे राहणार आहेत.

तुम्हालाही करून बघायचंय?

- पहिल्यांदाच करत असाल तर छोट्या खोलीपासून आणि छोट्या फरशीपासून सुरुवात करा. मोठी फरशी चूक लपवत नाही, दाखवते.
- खोक्यांवरचा बॅच नंबर आणि शेड एकच आहे का ते दुकानातच बघा. दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेल्या जपून ठेवा.
- माल कालवण्याआधी फरश्या कोरड्या मांडून बघा. वाकडेपणा कुठे लपवायचा ते तेव्हाच ठरतं.
- नळीत बुडबुडा नाही ना, हे बघा. पुन्हा बघा. आणि शेवटी पहिल्या खुणेवर परत या.
- सिमेंट त्वचा खातं. रबरी हातमोजे घाला. आम्ही पहिले दोन दिवस घातले नव्हते, नंतर आठवडाभर आमटीभात चमच्याने खाल्ला.
- मशीनने कापणार असाल तर पाणी मारतच कापा, मास्क साधा नको, धुळीसाठीचा घ्या आणि अर्थिंग नसेल तर मशीनला हातच लावू नका.
- बसवलेल्या फरशीवर निदान एक दिवस पाय देऊ नका. मांजरालाही हे समजावून सांगा. आमच्या स्वयंपाकघरात एक पंजा कायमचा उमटलाय.

टक्, टक्, टक्

मेच्या शेवटच्या शनिवारी आजी आली. ओढ्यापासून घरापर्यंत बैलगाडीतून, वॉकर मांडीवर धरून, नवरीसारखी. ओसरी आम्ही तशीच ठेवली होती, शेणाने सारवलेली. ती तिची अट होती. "मला टेकायला माझी जमीन पाहिजे, तुमचं थंडगार आत ठेवा." मामीने आदल्या दिवशी सारवून ठेवलं होतं. आता तिला एवढंच सारवावं लागणार.

आजी उंबऱ्यापाशी थांबली. वॉकर आत ठेवला. रबराचे चार पाय एकदम टेकले, एकही डुगडुगला नाही. मग टक्, टक्, टक्, ती चालत खाटेपर्यंत गेली, तिथून मोरीच्या दारापर्यंत, तिथून परत. आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे होतो, श्वास धरून. रिझल्टच्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.

परत येताना ती मध्येच थांबली. वॉकर उचलून त्याच जागी पुन्हा आपटला. कान देऊन ऐकलं.

"इथं पोकळ वाजतंय गं," ती म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. तिसरी ओळ, सातवी फरशी. बाराही महिने मातीची जमीन हाताने चापून बघणाऱ्या बाईच्या कानाला जे कळलं, ते आमच्या काठीला कळलं नव्हतं.

"दिवाळीत बदलतो," दादा म्हणाला.

"बदला की. घाई न्हाय," आजी खाटेवर बसत म्हणाली. "पण पाण्याचा लोटा आण आधी."

मला वाटलं, तिला तहान लागली. तिने लोटा घेतला, घोटभर प्यायली आणि उरलेलं पाणी खाटेपाशी फरशीवर ओतलं. काकांची गोष्ट मामीने तिला फोनवर सांगितली होती तर!

पाणी पसरलं. गोल झालं. आणि तिथेच थांबलं.

सात फरश्या आजीच्या खाटेखाली उरल्यात. दिवाळीच्या सुट्टीत त्यातली एक लागणार आहे.